एक्स्चेंजला कुठे जावं? मैत्री, सोबत आणि डेटिंगचाही विचार करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्चेंज म्हणजे आपल्या विद्यापीठातर्फे एक-दोन सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जाणं. त्याचा अर्ज भरताना विषय, क्रेडिट, शिष्यवृत्ती यांची चौकशी सगळे मोकळेपणाने करतात. "तिथे माझं कुणाशी जमेल का? संध्याकाळी मी एकटीच खोलीत बसलेली असेन का? कुणी आवडलं तर?" हे प्रश्न मात्र माहितीची बैठक संपल्यावर, दाराशी, आवाज खाली आणून विचारले जातात. मी स्वतः एक सेमिस्टर बाहेर काढलं आणि त्यानंतर काही वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांची बडी, म्हणजे त्यांना रुळायला मदत करणारी सोबतीण, म्हणून काम केलं. दाराशी विचारले गेलेले ते प्रश्न इथे उघडपणे घेतले आहेत.

प्र. शिकायला जायचं आणि विचार डेटिंगचा करायचा, हे उथळपणाचं नाही का?

अजिबात नाही. युरोपातली विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजची इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली. युरोपियन कमिशनने २०१४ मध्ये तिच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माजी इरॅस्मस विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के जणांनी सांगितलं की त्यांचा जोडीदार त्यांना त्या मुक्कामातच भेटला. दुसऱ्या देशाचा जोडीदार असण्याचं प्रमाण जाऊन आलेल्यांत ३३ टक्के होतं आणि न गेलेल्यांत १३ टक्के. चारातल्या एकाच्या आयुष्याला जिथे वळण मिळालं, त्या मुक्कामाची जागा निवडताना माणसांचा विचार करायला लाजायचं काय कारण?

शिवाय एकटा पडलेला विद्यार्थी अभ्यासातही मागे पडतो. आधी सकाळचं लेक्चर सुटतं, मग गटाने करायचं प्रोजेक्ट अंगावर येतं, मग जेवणाच्या वेळा बिघडतात. हे मी अगदी जवळून पाहिलेलं आहे.

एक अट मात्र पाळा. जिथे तुमचे विषय नाहीत किंवा क्रेडिट ग्राह्य धरले जाणार नाहीत, ती ठिकाणं आधीच गाळा. उरलेल्या यादीला हा निकष लावा.

प्र. मग शहर निवडताना नेमकं बघायचं काय? नाइटलाइफ?

नाइटलाइफ बरंच खाली ठेवा. सगळ्यात आधी हे बघा की तिथे तुम्हाला काहीही न ठरवता तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतील का.

लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास मांडला. कुणाची गट्टी कुणाशी जमली, हे दारं एकमेकांपासून किती जवळ आहेत यावर फार अवलंबून होतं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही होत्या, कारण वरचे सगळे त्यांच्या दारावरूनच जायचे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला लागणारे तास मोजले. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त.

आता तुमचं सेमिस्टर घ्या. १८ आठवडे धरले आणि एका माणसाबरोबर २०० तास घालवायचे म्हटलं, तर आठवड्याला अकरा तास लागतात. आठवड्यातून एकदा ठरवून कॉफीला भेटून हे तास भरत नाहीत. ते भरतात एकाच स्वयंपाकघरात, गायनवृंदाच्या तालमीत, एकाच ट्रॅमने घरी परतताना. प्रेमाचंही तसंच. एक्स्चेंजवर सूत जुळलेल्या ज्या जोड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी तीन-चार आठवडे एकमेकांना रोज पाहिलेलं होतं.

म्हणून शहराची छायाचित्रं बाजूला ठेवा आणि तिथली मंगळवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. शनिवार कुठेही बरा जातो. मंगळवारी सहाला लेक्चर संपलं, बाहेर अंधार पडलाय, अशा वेळी तुमचे पाय आपोआप कुठे वळतील आणि तिथे कोण भेटेल? ज्या ठिकाणासाठी तुम्हाला याचं उत्तर देता येतं, ते यादीत वर घ्या.

प्र. मोठं शहर बरं की लहानसं विद्यापीठाचं गाव?

माझा कल लहान गावाकडे आहे, हे आधीच सांगते. स्वीडनमधल्या उप्साला आणि लुंड या शहरांत 'नेशन' नावाच्या जुन्या विद्यार्थी संस्था आहेत. उप्सालात अशा १३ आहेत. त्यांच्या स्वतःच्या इमारती, गायनवृंद, खेळाचे संघ, कॅफे आणि नाचाच्या रात्री असतात, आणि कारभार मुख्यतः विद्यार्थीच चालवतात. एक्स्चेंजवर आलेल्यालाही सदस्य होता येतं. एखाद्या संध्याकाळी काउंटरमागे उभं राहून कप धुवायला लागलात की महिन्याभरात निम्मं गाव नावाने ओळखतं. पोर्तुगालमधल्या कोइंब्रात 'रेपुब्लिका' म्हणून विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेली घरं आहेत. स्पेनमधल्या ग्रानादा आणि सालामांका या शहरांत विद्यार्थ्यांचा राबता एवढा आहे की संध्याकाळी मुख्य चौकातून गेलात तर वर्गातलं कुणी ना कुणी दिसतंच. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही फार मोठी सोय आहे. "पाच मिनिटांत येते" म्हणता आलं तर माणसं भेटतात. मध्ये पन्नास मिनिटांची मेट्रो असेल तर भेट पुढच्या आठवड्यावर जाते.

बर्लिन, पॅरिस, लंडन, टोकियो यांचं बळ वेगळं आहे. तिथे तुमच्यासारखा विरळा छंद असलेली माणसंही डझनांनी सापडतात. तुम्ही समलिंगी किंवा ट्रान्स असाल तर मोठ्या शहरातली वस्ती, जागा आणि मोकळीक लहान गावात सहसा मिळत नाही. ब्रेकअप झाला तर तीच व्यक्ती रोज समोर येत नाही, हाही फायदाच. पण मोठ्या शहरात कुणी तुमची वाट बघत नसतं. तिथल्या मुलामुलींचे गट शाळेपासून बांधलेले असतात. तुमच्याकडे एखादी पक्की आवड असेल, क्लाइंबिंग, जॅझ, बुद्धिबळ, काहीही, आणि पहिल्याच आठवड्यात तिचा अड्डा शोधून दर आठवड्याला तिथे जायची तयारी असेल, तर मोठं शहर खुशाल घ्या.

लहान गावातही एक फसगत होते. काही ठिकाणी स्थानिक विद्यार्थी शुक्रवारी दुपारी बॅग घेऊन घरी जातात आणि रविवारी रात्री परततात. बेल्जियममधलं लुवेन यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली खरी गजबज गुरुवारी रात्री असते आणि शनिवारी रस्ते सुने. याने लुवेन वाईट ठरत नाही. आठवड्याचा गाडा कसा चालतो ते आधी माहीत असलं की माणूस शनिवारी खिन्न होऊन बसत नाही, एवढंच.

प्र. राहण्याच्या जागेला खरंच इतकं महत्त्व आहे?

माझ्या मते शहरापेक्षाही जास्त.

मी गेले तेव्हा आधी स्वतंत्र स्टुडिओ घेतला होता. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं बाथरूम, खिडकीतून बंदर दिसायचं. सहा आठवडे राहिले. काही दिवस असे जायचे की दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द म्हणजे दुकानातलं "थँक यू" तेवढं. मग कॉरिडॉरमधली खोली मिळाली: बारा खोल्या, एक स्वयंपाकघर, फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टीने लावलेलं नाव.

तळघरात कपडे धुण्याची खोली होती. तिच्या दाराबाहेर एक फळा, त्यावर आडवे वार, उभ्या वेळा, आणि प्रत्येक खोलीच्या नावाचं एक लहानसं कुलूप. ज्या चौकटीत कुलूप अडकवाल ती वेळ तुमची. माझ्या पुढच्या चौकटीत दर गुरुवारी चौदा नंबरचं कुलूप असायचं. मी कपडे काढत असताना चौदा नंबरवाली टोपली घेऊन दारात उभी. तीन गुरुवार आम्ही नुसत्या मान हलवत होतो. चौथ्या गुरुवारी माझी ओली चादर जमिनीला लागतेय बघून तिने एक टोक उचललं आणि म्हणाली, "त्या बाजूने धर." चादर पिळून, घडी करून होईपर्यंत तिने मला रविवारच्या पोहण्याच्या गटात ओढलं होतं. त्या गटातून माझे पुढचे सगळे महिने उभे राहिले. आजही आम्ही वर्षातून एकदा भेटतो.

तेव्हा विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला ईमेल करून हे विचारा: स्वयंपाकघर सामायिक आहे का आणि ते किती जणांत? इमारतीत फक्त एक्स्चेंजची मुलं आहेत की पूर्ण पदवीची आणि स्थानिकही? पाहुणा रात्री राहिलेला चालतो का? हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका, कारण काही ठिकाणी मुलामुलींचे मजले वेगळे असतात आणि पाहुण्यांवर कडक बंधनं असतात. ते तुम्हाला हवं असेल किंवा नको असेल, कळायला आधी हवं.

जागेची हमी आहे का, तेही पाहा. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांच्या घरांची इतकी टंचाई आहे की काही विद्यापीठं स्वतःच सांगतात, जागा पक्की झाल्याशिवाय येऊ नका. तिथल्या सामायिक घरांत नव्या माणसाला राहते विद्यार्थी गप्पांना बोलावून निवडतात. परक्या देशात पोहोचून महिनाभर प्रवाशांच्या हॉस्टेलमधल्या बंकवर झोपणाऱ्याला मैत्री-प्रेम सुचत नाही.

प्र. कोणत्या सेमिस्टरला जाऊ?

तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात तेव्हा जा. सगळेच नवखे असतात तेव्हा कुणालाही "इथे बसू का?" विचारता येतं. युरोप आणि अमेरिकेत ही वेळ साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि तिथल्या 'सर्कल' म्हणजे विद्यार्थी मंडळांची नव्या सदस्यांसाठीची धामधूम एप्रिलातच असते. सप्टेंबरमध्ये पोहोचलात तर मंडळं बांधली गेलेली असतात. दक्षिण कोरियात मार्च, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्च.

उजेडाचाही विचार करा. डिसेंबरच्या उत्तरार्धात हेलसिंकीत दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. काहींना ते निवांत, उबदार वाटतं. ज्यांचं मन ढगाळ दिवसानेही खचतं त्यांनी उत्तरेकडे जायचं तर वसंतातलं सेमिस्टर घ्यावं. फिनलंडमध्ये ३० एप्रिल आणि १ मेला साजरा होणारा वाप्पू हा विद्यार्थ्यांचा सण तेव्हाच असतो. रंगीत ओव्हरऑल घातलेली मुलं शहरभर दिसतात आणि एरवी अबोल वाटणारी माणसं त्या दिवशी स्वतःहून बोलायला येतात.

प्र. एक सेमिस्टर पुरतं का, की पूर्ण वर्ष घ्यावं?

परवडत असेल आणि पदवी लांबत नसेल तर वर्ष. पहिले दोन महिने रुळण्यात जातात. एक सेमिस्टरचा मुक्काम नेमका जीव रमायला लागल्यावर संपतो. शिवाय तुम्ही डिसेंबरमध्ये जाणार हे माहीत असलेला माणूस ऑक्टोबरमध्ये नातं सुरू करायला कचरतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

प्र. तिथली भाषा येत नसेल तर?

वर्ग इंग्रजीत चालतील, पण स्वयंपाकघर स्वतःच्या भाषेतच हसतं. नेदरलँड्स किंवा नॉर्डिक देशांत (स्वीडन, नॉर्वे, फिनलंड वगैरे) बहुतेकजण उत्तम इंग्रजी बोलतात, तरी सहा स्थानिक आणि एक तुम्ही अशी मेजावरची मोजणी झाली की दहा मिनिटांत संभाषण त्यांच्या भाषेकडे घसरतं. तुम्हाला कुणी टाळत नसतं. थकलेला माणूस विनोद आपल्याच भाषेत करतो.

यावर दोन मार्ग आहेत. एक, ज्याची भाषा थोडीफार तरी येते असा देश निवडणं. मोडकीतोडकी भाषा अस्खलित इंग्रजीपेक्षा जास्त दारं उघडते. दुसरा, पोहोचल्याबरोबर टँडेमसाठी नाव देणं. तुम्ही त्यांना तुमची भाषा शिकवायची, त्यांनी तुम्हाला त्यांची, आठवड्यातून एकदा, समोरासमोर बसून. युरोपातल्या अनेक विद्यापीठांत ही सोय असते. भाषा शिकताना माणूस नाइलाजाने वैयक्तिक बोलतो: घरी कोण आहे, काल काय केलं, कशाची भीती वाटते. टँडेममधून जुळलेल्या तीन जोड्या माझ्या ओळखीत आहेत.

प्र. स्थानिकांशी मैत्री होते का, की शेवटी एक्स्चेंजवाल्यांतच राहावं लागतं?

मानसशास्त्रज्ञ स्टीफन बोकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तीन वर्तुळं सांगितली: आपल्या देशाचे, यजमान देशाचे आणि इतर परदेशी. तिन्हींचं काम वेगळं. आपल्या देशाच्या माणसाजवळ मन हलकं होतं, यजमान देशाचा कागदपत्रं आणि रीतीभाती समजावतो, इतर परदेशी फिरायला आणि मजा करायला सोबत असतात. तिन्हींतलं एकेक माणूस तरी असावं, एवढंच लक्ष्य ठेवा.

१९८९ पासून चालत आलेलं इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क ४० हून अधिक देशांत आहे आणि त्याच्या सहली, खेळरात्री यांत पहिल्या आठवड्यातच ओळखी होतात. त्या घ्याच. पण स्थानिक माणसं तिथे थोडीच येतात. ती भेटतात क्रीडासंघात, वाद्यवृंदात, स्वयंसेवी कामात, आणि तिथे निदान सहा आठवडे न चुकता जावं लागतं. जे दोनदा जाऊन "इथले लोक थंड आहेत" म्हणतात, त्यांना मी तिसऱ्यांदा पाठवते.

प्र. डेटिंगच्या पद्धती देशागणिक इतक्या वेगळ्या असतात का?

माणसं सगळीकडे वेगवेगळी असतात, पण कोणती खूण कशाची समजायची हे खरंच बदलतं. जपानमध्ये 'कोकुहाकू' म्हणून एक टप्पा आहे: "तू मला आवडतेस, आपण नातं सुरू करू या" असं स्पष्ट सांगायचं, आणि समोरच्याने हो म्हटलं की तिथून नातं सुरू. त्याआधीच्या चार भेटी नातं धरल्या जात नाहीत. दक्षिण कोरियात ओळखीच्याने दोघांना भेटवून देणं, 'सोगेतिंग', हा अगदी रूढ मार्ग आहे, आणि नात्याचा शंभरावा दिवस साजरा करणारी जोडपी पुष्कळ. अमेरिकेत एकाच वेळी दोघातिघांना भेटणं सुरुवातीला गैर मानलं जात नाही. फक्त एकमेकांनाच भेटायचं का, हे वेगळं बोलून ठरवतात. नॉर्डिक देशांत आणि जर्मनीत बरेचदा आधी गटात मैत्री होते, नातं मागून नकळत येतं, आणि बिल अर्धं-अर्धं भरण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गोंधळ होतो तो खुणा चुकीच्या वाचल्याने. गालावर गाल टेकवून अभिवादन करणाऱ्या देशात ती जवळीक म्हणजे निव्वळ नमस्कार. नजर टाळणारा माणूस नाराज असेलच असं नाही. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात अंदाज बांधत बसण्यापेक्षा बडीला किंवा मजल्यावरच्या मैत्रिणीला थेट विचारा, "ती असं म्हणाली, याचा इथे अर्थ काय होतो?" लोक हे फार आपुलकीने समजावतात.

प्र. डेटिंग ॲपवर भर दिला तर चालेल?

भर देऊ नका, वापरा जरूर. २०१२ मध्ये आलेलं टिंडर बहुतेक ठिकाणी चालतं, चीनमध्ये मात्र मिळत नाही. लहान गावात ॲपवरचे चेहरे दोन दिवसांत संपतात. प्रोफाइलवर "डिसेंबरपर्यंत इथे आहे" हे लिहून टाका. ते वाचून जे बोलतील त्यांच्याशीच बोलण्यात अर्थ आहे.

डेटिंग ॲपपेक्षा निरोपाचं ॲप जास्त महत्त्वाचं. जपान लाइनवर बोलतं, कोरिया काकाओटॉकवर, चीन वीचॅटवर. वर्गाचा ग्रुप, क्लबचं वेळापत्रक, "आज येतेस का?" सगळं तिथेच येतं. निघण्याआधी ते फोनवर घ्या.

प्र. कायद्याच्या कोणत्या गोष्टी आधी माहीत हव्यात?

संमतीच्या सगळ्यात आधी. स्वीडनने २०१८ मध्ये कायदा बदलला: समोरची व्यक्ती स्वेच्छेने सहभागी नसेल तर तो बलात्कार, जबरदस्ती सिद्ध व्हावी लागत नाही. स्पेनने २०२२ मध्ये याच दिशेने पाऊल टाकलं, जपानने २०२३ मध्ये आपल्या व्याख्या बदलल्या. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. शुद्धीत नसलेली व्यक्ती होकार देऊ शकत नाही. परक्या भाषेत शंका आली तर थांबा आणि विचारा.

दुसऱ्या टोकाला, काही देशांत विवाहाबाहेरचे संबंध हाच गुन्हा आहे. इंडोनेशियाने डिसेंबर २०२२ मध्ये नवी दंडसंहिता मंजूर केली, ती २०२६ पासून लागू आहे. तिच्यात असे संबंध गुन्हा ठरतात, मात्र तक्रार जोडीदार, आईवडील किंवा मुलं यांच्यापैकी कुणी करावी लागते. परदेशी व्यक्तीलाही हा कायदा लागू होतो.

प्र. मी समलिंगी आहे. काय वेगळं बघू?

कायदा आणि रोजचं वागणं, दोन्ही स्वतंत्रपणे बघा. नेदरलँड्सने २००१ मध्ये जगात सर्वप्रथम समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आशियात तैवानने २०१९ मध्ये, थायलंडमध्ये तो कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. सिंगापूरने समलिंगी पुरुषांना गुन्हेगार ठरवणारं कलम २०२२ मध्ये रद्द करायचं ठरवलं, पण विवाहाला मान्यता नाही. मलेशियात समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे. युरोपपुरता 'इल्गा-युरोप' या संघटनेचा रेनबो मॅप दरवर्षी निघतो; समलिंगी, ट्रान्स अशा लोकांना कायद्याने किती हक्क आहेत, यावरून तो देशांचा क्रम लावतो. त्यात माल्टा बरीच वर्षं पहिल्या क्रमांकावर राहिला आहे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या राजधान्यांपलीकडेही पाहायला हवं.

नकाशा कायदे दाखवतो, वसतिगृह दाखवत नाही. यजमान विद्यापीठात विद्यार्थ्यांचा क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशांचा, गट आहे का, तो गेल्या महिन्यात काही करत होता का, ते पाहा आणि त्यांना एक संदेश पाठवा. त्यांच्या उत्तरावरून सगळं कळतं. जिथे कायदा विरोधात आहे तिथे ॲपवर चेहरा आणि ठिकाण उघड करू नका. इजिप्तमध्ये पोलिसांनी अशा ॲपवरून सापळे लावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अशा देशात जायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून जा. आणि न जाण्याचा निर्णय घेतलात तर तो भित्रेपणा अजिबात नाही.

प्र. मी दारू पीत नाही. एकटी पडेन का?

नाही, पण ठिकाण त्या बेताने निवडा. जिथे सगळं सामाजिक आयुष्य पबमध्ये घडतं तिथे तुम्हाला रोज नकार द्यावा लागतो आणि तो थकवतो. डोंगर, समुद्र, सायकली, संगीत किंवा खेळ जिथे विद्यार्थ्यांच्या आठवड्याचा भाग आहेत अशी ठिकाणं बघा. इन्सब्रुक, बर्गन, ग्रेनोबल अशा डोंगराच्या कुशीतल्या शहरांत रविवारची भेट पायवाटेवर होते.

पिणाऱ्यांसाठी: वयाची अट अमेरिकेत २१ आहे, जपानमध्ये २०. स्वीडनमध्ये बारमध्ये १८ आणि सरकारी दुकानात २०. एकोणीस-वीसच्या वयात अमेरिकेला जाणाऱ्याला शहरातले बरेच क्लब बंद असतात, तेव्हा सगळं डॉर्म आणि कॅम्पसभोवती फिरतं.

प्र. मुलगी म्हणून सुरक्षितता कशी जोखायची?

देशांच्या क्रमवाऱ्या फारशा कामाच्या नाहीत. खोलीपासून वाचनालयापर्यंतचा रस्ता कामाचा. रात्री अकराला तुमच्या मार्गावर बस आहे का, शेवटचे पाचशे मीटर दिवे आहेत का, आणि तिथे राहून आलेली मुलगी त्यावर काय म्हणते, ते विचारा. पहिल्या भेटी दिवसा, चारचौघांत करा. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत, हे मजल्यावरच्या एकीला सांगून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९. ब्रिटनमधल्या अनेक बारमध्ये "अँजेला आहे का?" असं काउंटरवर विचारलं की कर्मचारी समजतात, तुम्हाला तिथून सुखरूप बाहेर पडायचंय, ही पद्धत २०१६ मध्ये लिंकनशरमध्ये सुरू झाली.

गर्भनिरोधक आणि लैंगिक आजारांची तपासणी विद्यार्थी आरोग्यकेंद्रात मिळते का आणि विम्यात बसते का, हेही निघण्याआधीच बघा. मुलांनीसुद्धा.

प्र. माझ्या रंगामुळे किंवा दिसण्यामुळे डेटिंगमध्ये त्रास होईल का?

काही ठिकाणी होतो आणि तो खोटा ठरवण्यात अर्थ नाही. कुणी न बघताच डावलतं, कुणी "तुमच्यासारखी मला फार आवडतात" म्हणत तुम्हाला माणूस म्हणून बघतच नाही. जिथे विद्यार्थ्यांत अनेक देशांची माणसं आहेत तिथे हे तुलनेने कमी जाणवतं. तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या, तिथे राहून आलेल्या माणसाशी बोला. इतरांना हा अनुभव आलेलाच नसतो. आणि तसं झालंच, तर ते मनात ठेवून आठवडाभर खोलीत बसू नका, मजल्यावर कुणाला तरी सांगा.

प्र. मी फारसं बोलत नाही. मला जमेल?

जमेल. अबोल माणसाला काम असलेली जागा द्या: नाटकाचं नेपथ्य, सायकल दुरुस्तीचा गट, बोर्ड गेमची रात्र. हात गुंतले की भीड चेपते. भरगच्च पार्टीत स्वतःला ढकलत राहू नका.

प्र. आधीपासून नातं आहे. जाऊ का? आणि जिवलग मैत्रीण त्याच शहरात येतेय, तर?

नातं आहे म्हणून जाणं सोडू नका, पण वेळेतला फरक बघा. दोन-तीन तासांचा फरक पेलतो. नऊ-दहा तासांचा असेल तर एकाची झोप रोज मोडते. रोज तासभर बोलायचा शब्द देऊ नका. दोघांपैकी एकजण संध्याकाळी सातला फोनसाठी खोलीत परतायला लागला की तिथलं आयुष्य सुरूच होत नाही.

मैत्रिणीबरोबर त्याच शहरात जा, त्याच खोलीत नको. शक्य असेल तर वसतिगृहही वेगळं घ्या.

प्र. यादी तीन शहरांवर आली. आता कसं ठरवू?

प्रत्येक ठिकाणी गेल्या वर्षी राहून आलेल्या दोघांशी बोला. एक खूष होऊन आलेला, एक नाराज. त्यांचे पत्ते तुमच्या एक्स्चेंज कार्यालयाकडून परवानगीने मिळतात. "मजा आली का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: मंगळवारी संध्याकाळी तू कुठे असायचीस? तुझी तिथली सगळ्यात जवळची व्यक्ती तुला कुठे भेटली? आजारी पडल्यावर औषध कुणी आणून दिलं? परत जायचं झालं तर कुठल्या इमारतीत खोली घेशील? तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच एक नाव घेतो, त्याचं ठिकाण मी निवडते.

प्र. तिथे प्रेम जुळलं आणि परतायची तारीख जवळ आली तर?

शेवटचा आठवडा यायची वाट बघू नका. परीक्षा, सामान, निरोपाच्या पार्ट्या यांत धड बोलणं होत नाही. निदान महिनाभर आधी बसा आणि पुढची भेट कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात, कुणाच्या पैशाने, हे कागदावर उतरवा. व्हिसाची अट त्याच बैठकीत तपासा. शेंगेनमधल्या, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, एका देशाचा निवास परवाना असेपर्यंत इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं, परवाना संपला की तुमच्या पासपोर्टचे नेहमीचे नियम लागू होतात. मास्टर्सचे अर्ज साधारण वर्षभर आधी सुरू होतात, तेव्हा परत तिथेच शिकायचं मनात असेल तर त्या तारखा आत्ताच लिहून घ्या. आणि दोघांनाही हे इथेच थांबवायचं असेल, तर विमानतळावर सोडायला यायचं की आदल्या रात्रीच निरोप घ्यायचा, एवढं तरी आधी बोलून ठेवा.